कालुगाचे गणितमास्तर

निपाणीहून चिकोडीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांस जी खेडी लागतात, त्यांतील काही घरांच्या परसात शेणकाल्याने भरलेली गोबरगॅसची टाकी अद्याप दृष्टीस पडते. आत शेगडीवर निळसर ज्योत तेवत असते आणि तिच्यावर भाकरी भाजली जाते. त्या वायूच्या शंभर भागांत पंचावन्न-साठ भाग मिथेन असतो, आणि जळतो तो हा मिथेनच. भाताच्या खाचरात किंवा तळ्याच्या कुजक्या गाळात काठी खुपसली असता जे बुडबुडे वर येतात, त्यांतही हाच वायू असतो.

हा गरीब वायू शुद्ध करून उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला म्हणजे त्याचे पाण्यासारखे स्वच्छ द्रव होते, आणि त्या द्रवावर आता अग्निबाण उडू लागले आहेत. दिनांक १२ जुलै २०२३ रोजी चीनमधील झूच्यू-२ हा अग्निबाण मिथेनच्या बळावर पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोचला. असा मान मिळवणारा तो जगातील पहिला. पुढे सहा महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, अमेरिकेचा व्हल्कन हा त्याहून मोठा अग्निबाण उडाला. त्याच्या तळाची दोन एंजिनेही मिथेनवर चालतात. आपल्या देशातही सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या ज्या प्रक्षेपकास संमती दिली, त्याच्यासाठी मिथेनची एंजिनेच योजिली आहेत.

अशी एंजिने बांधणारे लोक आज हजारो असतील. परंतु कोणते इंधन घेतले असता किती वेग मिळेल, हा हिशेब अंतराळप्रवासासाठी ज्याने प्रथम नीट मांडला, तो कोणी मोठ्या विद्यापीठाचा आचार्य नव्हता. रशियातील एका लहान गावी मुलांना अंकगणित व भूमिती शिकवणारा, कानांनी जवळजवळ बहिरा असा तो एक शाळामास्तर होता. कॉन्स्टन्टिन एदुआर्दोविच त्सिओल्कोव्स्की हे त्याचे नाव. नाव उच्चारावयास कठीण आहे खरे. पण आमच्या वाचकांनी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहावे, जिभेला वळण पडते.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी, म्हणजे आपल्याकडे सत्तावनचे बंड चालू असताना, रियाझान प्रांतातील इझेव्स्कोये या खेड्यात झाला. वडील जंगलखात्यात नोकरीस होते. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. लहानपणी कॉन्स्टन्टिन मोठा खेळकर होता. पतंग उडवावेत, झाडांवर चढावे, छपरांवरून उड्या माराव्यात, असा त्याचा दिनक्रम असे. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला लोहितांग ज्वर आला. त्या तापातून तो उठला खरा, पण त्याचे कान जवळजवळ गेले.

आम्ही शिक्षक आहोत, आणि बहिऱ्या मुलाची वर्गात काय अवस्था होते हे आम्ही पाहिले आहे. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलतात, मुले हसतात आणि हसण्याचे कारण एकट्यालाच कळत नाही. कॉन्स्टन्टिनचे तसेच झाले. तो एका इयत्तेत नापास झाला आणि १८७३ मध्ये त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. त्यानंतर त्याने कोणत्याही शाळेची पायरी विद्यार्थी म्हणून चढली नाही. तेरा वर्षांचा असतानाच त्याची आई वारली होती. ताप आल्यानंतर तिनेच त्याला घरी बसवून पुन्हा वाचावयास व लिहावयास लावले होते.

वडिलांच्या लहानशा ग्रंथसंग्रहातील गणिताची व पदार्थविज्ञानाची पुस्तके तो एकटाच वाचू लागला. पुस्तकात वाचावे आणि लगेच हातांनी करून पाहावे, ही त्याची रीत. मुलाचे हे वेड पाहून वडिलांनी त्याला सोळाव्या वर्षी मॉस्कोस पाठवले. तेथे तो कोणत्याही विद्यालयात दाखल झाला नाही. सार्वजनिक ग्रंथालयात सकाळी जावे आणि ते बंद होईपर्यंत वाचत बसावे, असा क्रम त्याने तीन वर्षे चालवला. घरून महिन्याला दहा-पंधरा रूबल येत. त्यांतील नव्वद कोपेक, म्हणजे एक रूबलही नव्हे, तो पोटावर खर्च करी. काळा पाव आणि पाणी हेच त्याचे अन्न. उरलेल्या पैशांतून पुस्तके, पारा, गंधकाम्ल आणि काचेच्या नळ्या घरी येत. त्या ग्रंथालयात निकोलाय फ्योदोरोव्ह नावाचे एक विरक्त वृत्तीचे ग्रंथपाल होते. हा फाटक्या कपड्यांचा बहिरा मुलगा रोज येतो हे त्यांच्या ध्यानात आले, आणि मागितलेले व न मागितलेलेही ग्रंथ ते त्याच्यापुढे आणून ठेवू लागले. मॉस्को विद्यापीठात जे शिकवले गेले असते त्यातील बराच भाग त्याने अशा रीतीने आत्मसात केला. ज्यांच्या गावी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारखे एखादे जुने वाचनालय आहे, त्यांना त्या फ्योदोरोव्हांची किंमत सांगावयास नको.

उपासमारीने मुलगा खंगला आहे, ही वार्ता कानी येताच वडिलांनी त्याला १८७६ मध्ये परत बोलावले. तीन वर्षांनी त्याने बाहेरून बसून शिक्षकाची परीक्षा दिली, आणि १८८० च्या आरंभी कालुगा प्रांतातील बोरोव्स्क या गावी अंकगणित व भूमितीचे शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. येथून पुढे एकेचाळीस वर्षे त्सिओल्कोव्स्की मास्तर होते. त्याच वर्षी वार्वारा सोकोलोवा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बोरोव्स्कमधील पहिल्याच वर्षांत घडलेली एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. वायूंचे सूक्ष्म कण सतत धावत असतात आणि त्यांच्या आघातांमुळे वायूचा दाब उत्पन्न होतो, हा सिद्धांत त्यांनी एकट्याने, कोणाच्याही मदतीवाचून बसवला आणि सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वानांच्या सभेकडे पाठवून दिला. तेथून उत्तर आले की काम चांगले आहे, परंतु हा शोध पंचवीस वर्षांपूर्वीच लागलेला आहे. मूलद्रव्यांच्या कोष्टकामुळे ज्यांचे नाव आमच्या दहावीच्या मुलांस ठाऊक आहे, ते मेंडेलेव्ह या प्रकरणात होते. खेड्यात, पुस्तकांवाचून, एकाकी राहणाऱ्या माणसाचे केवढे नुकसान होते, ते या एका प्रसंगावरून कळते. दुसरा एखादा असता तर निराश होऊन बसला असता. मास्तरांना मात्र आपली विचार करण्याची पद्धत बरोबर आहे, एवढा दिलासा त्यातून मिळाला.

१८८३ साली त्यांनी एका वहीत, जेथे हवा नाही आणि वजनही भासत नाही अशा मोकळ्या अवकाशात वस्तू कशा वागतील, याचे वर्णन लिहिले. तेथे पाय टेकावयास जमीन नाही आणि पंखाने कापावयास हवा नाही. मग पुढे जावयाचे कसे? आपल्याजवळचेच काही मागे फेकावे, म्हणजे आपण पुढे सरकू, हे त्यांचे उत्तर. नावेत उभे राहून दगड मागे फेकला असता नाव किंचित पुढे जाते, तसेच हे. अग्निबाणाचे सारे तत्त्व यात आले.

अग्निबाण ही वस्तू तशी आमच्या मुलखाला नवी नाही. दिवाळीतला बाण सर्वांनीच उडवला आहे. हैदर व टिपू यांच्या सैन्यात लोखंडी नळीत दारू ठासलेले बाण होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांचे नमुने इंग्लंडला गेले आणि कॉन्ग्रीव्ह यांनी त्यांवरून इंग्रजी बाण तयार केले. परंतु या बाणांतून पुढे चंद्राकडे जाण्याचा मार्ग निघेल का, हे कोणी मोजून पाहिले नव्हते. मोजावयाचे ते मास्तरांनी मोजले.

१८९२ मध्ये त्यांची बदली कालुगा या जिल्ह्याच्या गावी झाली आणि आयुष्याची उरलेली वर्षे तेथेच गेली. १८९७ च्या मे महिन्यात त्यांनी ते प्रसिद्ध समीकरण लिहून काढले. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनी लॉगॅरिथमची कोष्टके घेऊन पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. आम्ही वर्गात तो करवून घेतला तेव्हा मुलांना मोठी मौज वाटली.

समीकरण असे आहे. अग्निबाणाचे इंधनासह वजन घ्यावे आणि त्याला इंधन संपल्यानंतर उरणाऱ्या वजनाने भागावे. आलेल्या संख्येचा लॉगॅरिथम काढून त्याला २.३०३ ने गुणावे, आणि मागे फेकल्या जाणाऱ्या वायूच्या झोताचा जो वेग असेल त्याने पुन्हा गुणावे. अग्निबाणाला मिळणारा वेग तो हा. समजा, भरलेला अग्निबाण रिकाम्याच्या दुप्पट वजनाचा आहे. दोनाचा लॉगॅरिथम ०.३०१०, गुणाकार ०.६९. म्हणजे झोताच्या वेगाच्या ०.६९ पट वेग मिळाला. आता इंधन वाढवून वजन चौपट करा, वेग १.३९ पट होतो. आठपट करा, २.०८ पट. सोळापट करा, २.७७ पट. वजन दर खेपेस दुप्पट होत जाते, आणि वेगात भर पडते ती तेवढीच, ०.६९ ची. चक्रवाढ व्याजाने कर्ज कसे फुगते हे ज्या घरांनी सोसले आहे, त्यांना या समीकरणाचा निर्दयपणा चटकन उमजेल. हे त्याच व्याजाचे उलटे रूप आहे.

मग सुटका कशात? झोताचा वेग वाढवण्यात. येथेच इंधनाचा प्रश्न येतो. बंदुकीची दारू या कामी दुबळी आहे, हे मास्तरांनी ओळखले आणि द्रवरूप इंधनांकडे ते वळले. हायड्रोजन आणि प्राणवायू ही दोन्ही द्रवरूपात नेऊन नळकांड्यात जाळावीत, अशी त्यांची सूचना होती. हायड्रोजन द्रवरूप करण्याचे कार्य तेव्हा नुकतेच, १८९८ मध्ये, लंडनच्या प्रयोगशाळेत ड्यूअर यांनी साधले होते. ते द्रव थोड्याशा प्रमाणात मिळे, आणि हे मास्तर त्याच्या टाक्या भरण्याच्या गोष्टी करीत होते!

हे सर्व त्यांनी १९०३ साली एका रशियन शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध केले. आज तो लेख वाचणाऱ्यास आश्चर्य वाटते. ज्वलनकक्षात इतकी उष्णता उत्पन्न होईल की भिंती वितळून जातील, तेव्हा जळण्यासाठी जाणारे थंड द्रवच प्रथम त्या भिंतींभोवती फिरवावे, म्हणजे भिंत निवते आणि द्रव तापते, असे त्यात सांगितले आहे. द्रवे पंपांनी आत ढकलावीत आणि झोतात पट्ट्या धरून दिशा बदलावी, याही सूचना आहेत. पुढे बांधल्या गेलेल्या मोठ्या एंजिनांत यांपैकी बहुतेक गोष्टी आल्या. आजच्या मिथेनच्या एंजिनातही तीन हजार अंशांच्या वर तापलेल्या कक्षाची भिंत, हजार-दीड हजार अंशांत वितळणाऱ्या धातूची असूनही टिकते, ती तिच्या आतील बारीक नळ्यांतून थंडगार मिथेन धावत असल्यामुळेच.

परंतु त्या लेखाचे दैव फिरले होते. मासिकाचे संपादक फिलिप्पोव्ह हे त्याच वर्षी प्रयोगशाळेत मरण पावले, मासिक बंद पडले आणि लेख फारसा कोणी वाचला नाही. त्याचा पुढील भाग छापून यावयास १९११ साल उजाडले.

आता मिथेनकडे येऊ. हायड्रोजन हे झोताच्या वेगाच्या दृष्टीने सर्वांत उत्तम इंधन. पण त्याचे द्रव इतके हलके की एक लिटर जेमतेम सत्तर ग्रॅम भरते. म्हणजे टाक्या अवाढव्य हव्यात, आणि टाकीचेही वजन असतेच. शिवाय ते उणे २५३ अंशांस ठेवावे लागते आणि बारीकशा फटीतूनही पळून जाते. हा दोष मास्तरांच्या ध्यानात आला होता. उत्तरायुष्यातील लेखनात ते कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांकडे अधिकाधिक वळले. अशा संयुगांत सर्वांत साधे ते मिथेन: कार्बनचा एक अणू आणि त्याला हायड्रोजनचे चार.

वरील समीकरणात आजचे आकडे घालून पाहिले म्हणजे मिथेनचे स्थान स्पष्ट होते. पृथ्वीभोवती फिरावयास सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेग लागतो; हवेचा अडथळा व गुरुत्वाकर्षण यांत जे वाया जाते ते धरून साडेनऊ म्हणावे. रॉकेलच्या जातीच्या इंधनाने झोताचा वेग सुमारे ३.३ किलोमीटर मिळतो. तेव्हा निघतानाचे वजन उरणाऱ्या वजनाच्या अठरापट असावे लागते. मिथेनने ३.६ किलोमीटर मिळतो, आणि चौदापट पुरते. हायड्रोजनचा ४.४, त्याला नऊपटीहून थोडे कमी. मिथेन मधला भाऊ आहे. पण त्याचे एक लिटर द्रव सुमारे ४२० ग्रॅम भरते, म्हणजे हायड्रोजनच्या सहापट. म्हणून टाकी आटोपशीर राहते. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंशांस ठेवतात आणि मिथेन उणे १६२ ला, त्यामुळे दोघांच्या टाक्या शेजारी-शेजारी सुखाने नांदतात. रॉकेलची काजळी एंजिनाच्या नळ्यांत धरते, ती मिथेनची फारच थोडी. एकदा वापरून समुद्रात सोडून द्यावयाच्या अग्निबाणाला काजळीचे दुःख नव्हते; तोच अग्निबाण परत उतरवून पुन्हा पुन्हा उडवावयाचा, असे मनात आले तेव्हा मिथेनला दिवस आले. इतकी वर्षे तो मागे का राहिला, याचे मुख्य कारण आमच्या मते हेच. मंगळाच्या वातावरणात कर्बद्विप्राणिल वायू भरपूर आहे. त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवून तेथेच मिथेन करता येईल आणि परतीचे इंधन तेथेच भरता येईल, असाही विचार शास्त्रज्ञ करतात.

मिथेनचा पहिला अग्निबाण मात्र फार जुना आहे, आणि तो मास्तरांच्या हयातीतच उडाला. १९३१ च्या मार्च महिन्यात जर्मनीतील डेसाऊ गावाजवळ योहानेस विंक्लर यांनी द्रवरूप मिथेन व द्रवरूप प्राणवायू भरलेले, हाताने उचलून नेता येईल एवढे लहान यंत्र आकाशात सोडले. द्रव इंधनावर उडालेला तो युरोपातील पहिला अग्निबाण होय. त्यापूर्वी पाच वर्षे, १६ मार्च १९२६ रोजी, अमेरिकेत गॉडर्ड यांनी पेट्रोल व द्रवरूप प्राणवायूवर चालणारा जगातील पहिला उडवला होता.

मास्तरांनी स्वतः असा एकही अग्निबाण बांधला नाही, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यांच्या हाती जे यंत्र होते ते निराळेच. १८९७ मध्ये त्यांनी घरीच वाऱ्याचा बोगदा तयार केला होता. आत पंख्याने वारा सोडून निरनिराळ्या आकारांना किती अडथळा होतो हे ते मोजीत. रशियातील अगदी आरंभीच्या बोगद्यांपैकी तो एक. त्याच्यासाठी विज्ञान अकादमीने ४७० रूबल दिले. झारच्या राज्यात त्यांना कोणी विचारलेच नाही, असे पुढे पुष्कळदा लिहिले गेले; ते सर्वस्वी खरे नाही. आणि आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आयुष्यातील फार मोठा काळ त्यांनी अग्निबाणावर घालवला नाही, तर पत्र्याच्या विमाननौकेवर घालवला. वायू भरलेली, धातूच्या पत्र्याची प्रचंड नौका हवेतून प्रवासी नेईल, अशी त्यांची खात्री होती. ती कधीच उडाली नाही. ज्या कल्पनेवर त्यांचा सर्वांत अधिक जीव होता ती वाया गेली, आणि जी त्यांनी मधल्या वेळात कागदावर मांडली तिने त्यांना अमर केले.

घरची स्थिती कष्टाची होती. बोरोव्स्कमध्ये असताना १८८७ मध्ये घराला आग लागून कागदपत्रे जळाली. कालुगात १९०८ च्या वसंतात ओका नदीला पूर आला आणि पाणी घरात शिरले. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा आणि दूधगंगेचे पाणी ज्यांनी उंबऱ्याच्या आत पाहिले, त्यांना त्या रात्रीची कल्पना येईल. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या वह्या उन्हात घालणे म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक आहे. सात मुलांपैकी पाच त्यांच्या आधी गेली. थोरला इग्नाती गणितात हुशार होता. तो १९०२ मध्ये विद्यार्थिदशेतच वारला. त्याच दुःखाच्या वर्षानंतर १९०३ चा तो लेख छापला गेला आहे. वार्वाराबाईंनी तुटपुंज्या पगारात संसार कसा रेटला असेल, याबद्दल चरित्रकारांनी फारच थोडे लिहिले आहे. मास्तर पगारातील पैसे काढून आपली छोटी पुस्तके स्वखर्चाने छापीत, आणि तो खर्चही अखेर चुलीजवळूनच निघत असला पाहिजे.

शिक्षक म्हणून ते मुलांचे आवडते होते. १८९९ पासून ते मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी पत्र्याची लांबलचक कर्णशिंगे तयार केली होती; विद्यार्थिनी उत्तर देऊ लागली की ते नळकांड्याचे तोंड तिच्याकडे करीत. वर्गात कागदी फुगे गरम हवेने वर सोडीत. हिवाळ्यात नदीचे पाणी गोठले की पायांत घसरपट्ट्या बांधून, हाती शीड धरून वाऱ्याबरोबर धावत. वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास सायकल शिकले आणि म्हातारपणापर्यंत ती चालवली. गावातील काही लोक त्यांना वेडे समजत. घराच्या माडीवर त्यांची कामाची खोली होती, आणि तेथून छपरावर उघडणारा एक दरवाजा होता. घरातील मंडळी त्याला विनोदाने अवकाशाचा दरवाजा म्हणत.

क्रांतीनंतरचा काळ सोपा गेला नाही. नोव्हेंबर १९१९ मध्ये संशयावरून त्यांना अटक झाली आणि मॉस्कोच्या लुब्यान्का तुरुंगात काही दिवस काढावे लागले. निर्दोष ठरून ते सुटले. दोन वर्षांनी सरकारने त्यांना तहहयात निवृत्तिवेतन दिले आणि चौसष्टाव्या वर्षी मास्तरांनी खडू खाली ठेवला. १९२३ मध्ये ओबेर्थ यांचे अंतराळप्रवासावरील पुस्तक जर्मनीत प्रसिद्ध झाले, त्याचा गवगवा रशियात पोचला, आणि मग लोकांना आठवले की आपल्याच कालुगात कोणी हे वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. जुना लेख पुन्हा छापला गेला. १९२९ मध्ये त्यांनी अग्निबाणांची आगगाडी ही कल्पना मांडली: एकामागे एक अग्निबाण जोडावेत, इंधन संपलेला डबा गळून पडावा आणि उरलेल्यांनी हलके होऊन पुढे जावे. चौदापट-अठरापट वजनाच्या त्या निर्दय हिशेबातून अशी वाट निघते. आजचा प्रत्येक मोठा प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने उडतो तो याच युक्तीने.

सोव्हिएत सरकारने त्यांचा पुढे फार गौरव केला; पंचाहत्तराव्या वर्षी, १९३२ मध्ये, त्यांना सन्मानपदक मिळाले. दिनांक १९ सप्टेंबर १९३५ रोजी जठराच्या कर्करोगाने कालुगा येथे त्यांचे देहावसान झाले. मानवजातीच्या भवितव्याविषयी त्यांनी जे तत्त्वज्ञानपर लिहिले आहे, त्यात दुर्बलांना जागा नसावी अशा अर्थाचेही काही विचार आहेत. ते आम्हांस मान्य होण्यासारखे नाहीत. ज्याला शाळेने दुर्बल म्हणून बाहेर काढले त्यानेच ते लिहावेत, याचे नवल वाटते.

१९२३ च्या सुमारास ओडेसा शहरातून त्यांना एका पंधरा वर्षांच्या मुलाचे पत्र आले. आपणास अंतराळप्रवासाचा नाद आहे, आपली पुस्तके वाचावयास हवी आहेत, असा मजकूर होता. मुलाचे नाव व्हालेंतिन ग्लुश्को. मास्तरांनी उत्तर लिहिले, पुस्तके पाठवली, आणि पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षे चालला. हाच मुलगा मोठेपणी सोव्हिएत रशियाचा प्रमुख एंजिनकार झाला. दिनांक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, मास्तरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, स्पुटनिक ज्या अग्निबाणाने वर नेला, आणि १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन ज्याने गेले, त्या दोन्हींची रॉकेल व प्राणवायूवर चालणारी मुख्य एंजिने ग्लुश्को यांच्या हाताखाली तयार झाली होती.

गागारिन त्या वर्षाच्या अखेरीस भारतात आले आणि मुंबईतही लोकांनी त्यांना पाहिले. पण त्यापूर्वी, जूनमध्येच, ते कालुगात जाऊन आले होते. मास्तरांच्या नावाने उभ्या राहावयाच्या संग्रहालयाची कोनशिला त्यांनी बसवली. जुने घरही जतन करून ठेवले आहे. ती पत्र्याची कर्णशिंगे तेथे पाहावयास मिळतात. आणि माडीवरचा, छपरावर उघडणारा तो दरवाजाही जागेवर आहे.